शेजाऱ्याची साक्ष

“तिच्या उजवीकडे कोण? पुन्हा वाच,” नाना फोनवर म्हणाले.

“चिंच,” मी म्हणालो.

“चिंच? चिंच कुणाची शेजारीण असते व्हय रे?”

“तिनं तसं लिहिलंय. डावीकडे सरूबाई साळेकर. उजवीकडे घर नव्हतं, चिंचेचं झाड होतं.”

“नाव काय म्हणालास?”

“सुनंदा टेंबे. राहणार बडोदा.”

“आपल्यात टेंबे कधी होते? टाक कचऱ्यात. विमा विकणारी असंल कुणीतरी.”

मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. अर्ज मात्र कचऱ्यात टाकला नाही. माझं हे नेहमीचंच आहे. समोरच्याला ‘बरं’ म्हणायचं आणि मग त्यावर दोन दिवस विचार करत बसायचं.

आमचं आसनवडे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. माणसं पांगली. काही दौंडकडे पुनर्वसनात गेली, काही पुण्यात, काही मुंबईत गिरणीला लागली. पुढे चाळीसएक वर्षांनी हणमंतनाना पोळेकरांनी सगळ्यांना एका जागी आणायचं मनावर घेतलं. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर स्टँडवर माइकवरून ओरडायची सवय, त्यामुळे निवृत्तीनंतर घर त्यांना लहान पडत होतं. त्यांच्या इंजिनियर मुलानं इंटरनेटवर एक चर्चामंच उघडून दिला. नाव ठेवलं ‘गावकी’. पहिल्या वर्षातच माणसं भराभर जमली.

गावकीत तीन गट होते. पाहुणे, सोयरे आणि घरकरी. पाहुण्यांना फक्त दर्शनी भाग दिसायचा, म्हणजे जत्रेचे फोटो वगैरे. सोयरे म्हणजे गावातल्या लेकींचे नवरे, सुनांचे भाऊ आणि गाव उठल्यावर जन्मलेली मुलं. त्यांना गप्पांत भाग घेता यायचा. घरकरी म्हणजे ज्यांचं घर गावात उभं होतं ते. आतलं दालन त्यांच्यासाठीच होतं. तिथे आठवणीनं पुन्हा काढलेला गावचा नकाशा होता, ज्यात ज्यानं त्यानं आपलं घर भरायचं. आणि तिथेच पर्यायी जमिनीच्या दाव्याची सगळी बोलणी चालायची. दावा हायकोर्टात होता. सुरुवातीला कुणाच्या तरी मेहुण्यानं एका परक्या माणसाला आत घेतलं आणि आमचं म्हणणं आमच्या वकिलाआधी दुसऱ्या बाजूला पोचलं. तेव्हापासून नानांनी नियम केला. घरकरी व्हायचं तर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तुमच्या घराच्या डावीकडे कुणाचं घर, उजवीकडे कुणाचं? आणि त्या दोघांपैकी एकानं तरी साक्ष द्यायची की होय, हा माझा शेजारी.

नियम चांगला होता. कागदपत्रं खोटी करता येतात, पण शेजार कुठून आणणार?

साक्ष आली की नावापुढे खूण करून आत घ्यायचं काम माझं. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. नानांचं म्हणणं असं की पुस्तकं आत-बाहेर करतो तशी माणसं करायची, त्यात काय अवघड आहे? मला ते फार अवघड जायचं. पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर सापडतं. शिवाय माझी गावची आठवण कच्ची. नकाशा भरताना माझ्याच घराच्या डावीकडे कोण, यावर मी अडखळलो होतो. दुसरा कुणी असता तर नानांनी त्याला पाहुण्यांत टाकलं असतं.

म्हणून मी सुनंदा टेंबेंना खासगी निरोप पाठवून विचारलं, की आसनवड्यात टेंबे घराणं आठवत नाही, आपण कुणाच्या?

उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे.

“मी गावची नाही. माझं माहेर देवस्थळी. वडील धरणाच्या मोजणीवर ओव्हरसियर होते. आम्ही गावात दोन वर्षं पत्र्याच्या खोलीत राहिलो. तुम्ही शेजार विचारलात म्हणून शेजार लिहिला. माझा धाकटा भाऊ तिथे गेला. पाच महिन्यांचा होता. त्याला तिथेच पुरलं. आई आता अंथरुणावर आहे आणि त्याला कुठे ठेवलंय ते रोज विचारते. तिला तेव्हा नेलं नव्हतं. बाबांना माहीत होतं, पण जागा त्यांनी कधी सांगितली नाही आणि आता ते नाहीत. धरणाच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडलंय, गाव उघडं पडलंय, असं पेपरात वाचलं. तुमच्या आतल्या दालनात नकाशा आहे म्हणतात. तेवढा बघू द्यावा. बाकीचं काही वाचणार नाही.”

मला देवस्थळी आठवले. खाकी टोपी आणि तिपाईवरची दुर्बीण. त्यांच्यापेक्षा त्यांची बायको जास्त आठवली. त्यांच्याकडे मुलांची मासिकं यायची. मी खोलीबाहेर घुटमळत असायचो, तेव्हा त्या खिडकीतून एखादा अंक पुढे करायच्या. घरी कळल्यावर मला मार बसला होता. साहेबाच्या घरचं काही घ्यायचं नाही, असं गावानं ठरवलं होतं. कारण साहेब शेतात खुंट्या मारत होता, आणि खुंटीच्या खालचं सगळं बुडणार होतं.

मी नानांना फोन केला आणि उत्तर वाचून दाखवलं.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. नानांच्या बाबतीत ते विचित्र होतं.

“नाना?”

“ऐकतोय. खुंट्यावाल्याची पोरगी.”

“फक्त नकाशा बघायचाय म्हणते.”

“नकाशा आतल्या दालनात हाय. त्याच दालनात दाव्याचं सगळं हाय. सरकारी माणसाच्या लेकीला तिथं बसवू? उद्या पुन्हा बाहेर गेलं काही, तर लोक मला धरतील का तुला?”

“मी मंचाचं मदतीचं पुस्तक वाचलंय. एकाच माणसाला एकाच पानाची परवानगी देता येते बहुतेक. बाकीचं झाकून. मी करून बघतो.”

“बहुतेक! आरं पुस्तक्या, तुझं बहुतेक आन् कोर्टाची तारीख! एक खूण चुकली की समदं उघडं. आन् घराचं म्हणशील तर, बाईचं घर कुठं होतं? पत्र्याची सरकारी खोली. ते काय घर?”

“शेजार तर दिलाय. सरूआक्का.”

“मग आक्काची साक्ष आण,” नाना म्हणाले. “नियम म्हणजे नियम. आक्का जर व्हय म्हणाली तर बघू. न्हाय म्हणंल ती. साहेबाचं नाव काढलं की थुंकायची सगळी म्हातारी माणसं.”

आक्कांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. गावकीत त्यांच्या नावाचं खातं होतं, पण टंकायचं काम त्यांची सून मंगल करायची. तिला निरोप पाठवून भागलं असतं. तरी मी रविवारी एसटी पकडून पुनर्वसनाच्या गावी गेलो. का गेलो ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पाणी जूनमध्ये पुन्हा चढणार होतं, निरोपाला उत्तर यायला आठवडा लागायचा, असं मी बायकोला सांगितलं.

आक्का दारातल्या बाजेवर बसून तूर निवडत होत्या. मंगलनं चहा आणला.

“कोण हाय ह्यो?” आक्कांनी विचारलं.

“निवंगुण्यांचे रघुनाथभाऊ, आत्या. लायब्ररीवाले.”

“रघू व्हय! किती वाळलास रं! बायकू जेवाया घालती का न्हाय?”

मी चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. मग विषय काढला. ओव्हरसियर देवस्थळींची मुलगी गावकीत यायचं म्हणते, आणि शेजारी म्हणून तुमचं नाव देते, असं सांगितलं.

आक्कांचा हात सुपात थांबला. “सुनी?”

“सुनंदा.”

“तीच. सुनी म्हणायचो आम्ही. माज्या चुलीपाशी निजायची ती. भाकरीचा पापुद्रा काढून खायाची आन् खालचं टाकायची, बामणाची पोर.” त्या हसल्या. “जित्ती हाय म्हणायची. आन् आई?”

“आई आजारी आहेत. म्हणूनच मुलीनं अर्ज केलाय. बाळाला कुठे पुरलं, ते आईला हवंय.”

मंगल उंबऱ्यात बसली होती, ती पुढे सरकली.

“कुठलं बाळ आत्या? तुम्ही कधी बोलला न्हाई.”

“बोलाया काय हाय त्यात.” आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. “गावानं ठरीवलं हुतं. साहेबाला दूध न्हाय, पाणी न्हाय, हुडी न्हाय. दूध-पाणी मी मागल्या दारानं द्याची. कुणाला दिसतंय! पर हुडी काय मागल्या दारानं देता येती?”

पावसाळ्यात आमचं गाव नदीनं तोडलं जायचं. पलीकडे जायला गावची एकच होडी होती, आणि ती चालवायची पाळी रोज एका घराची असायची. ज्याची पाळी, त्याच्या घरातलं कुणीतरी दिवसभर वल्ह्यावर.

“पोराला आकडी आली,” आक्का सांगू लागल्या. “सकाळधरनं अंग तापलेलं. दवाखाना पल्याड. साहेब पोराला खांद्यावर घिऊन काठाला गेला. मीबी गेले मागनं. हुडी अल्याडच हुती. पाळी पोळेकरांची.”

“पोळेकरांची?” मी विचारलं.

“आता तुमचा नाना झालाय, तवा हणम्या हुता. सोळा वर्साचं पोरगं. हुडीत हुबा, वल्हं हातात. त्याचा बा काठावर त्याच्या मागं. आन् समदा गाव.”

“मग?”

“मग काय. बापानं सांगितलं आसंल, वल्हं ठिव खाली. ठिवलं. साहेब कुणाला काय बोलला न्हाय. दिवस कलला तरी तसाच हुबा पोराला घिऊन. पोर कवाच गेलं हुतं.”

मंगलनं पदर तोंडाला लावला.

मला एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. “आक्का, मी होतो का तिथे? काठावर?”

“तू?” आक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू कुटं कवा आस्तोस? कुटंतरी पुस्तक घिऊन बसला आसशील.”

त्या पुन्हा तूर निवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “खड्डा हणम्यानंच खणला. कुणी सांगितलं नव्हतं. कुदळ घिऊन आला आन् साहेबामागं गेला. मी आत बाईपाशी हुते, तवा जागा मला ठावं न्हाय. त्यालाच इचारा.”

“पण साक्ष?”

“लिही की. सरूबाई साळेकर म्हणती, सुनी माजी शेजारीण. भिंतीला भिंत लागली तरच शेजार का? मंगे, आंगठा कुटं लावायचा?”

“अंगठा नसतो लावायचा आत्या. मी बटण दाबते.”

“तूच दाबलं तर माजी साक्ष कशी?”

शेवटी मंगलनं लॅपटॉप बाजेवर आणला आणि आक्कांचं बोट धरून त्या बटणावर टेकवलं.

घरी येऊन पाहिलं, तर साक्ष पोचली होती. आता नियमानं मला अडचण नव्हती. खूण केली की झालं. मी पडद्यासमोर बसलो आणि खूण केली नाही. नानांना न सांगता करावी, तर ते भित्रेपणाचं वाटत होतं. सांगून करावी, तर त्यांना फोन करायची हिंमत होत नव्हती. आक्कांनी काय सांगितलं हे त्यांनी विचारलं तर काय बोलायचं? शेवटी फोन न करता दोन ओळींचा निरोप पाठवला. सरूआक्कांची साक्ष मिळाली. जागा तुम्हाला ठाऊक आहे असं त्या म्हणतात.

दुसऱ्या दिवशी नाना वाचनालयात आले. पुण्याहून एवढ्या लांब ते पहिल्यांदाच येत होते. दुपारची वेळ, वाचन कक्षात दोन निवृत्त मास्तर वर्तमानपत्रं घेऊन बसलेले. मी नानांना आतल्या टेबलाकडे नेलं. तिथेही मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. नानांना कुजबुजताना मी तेव्हाच ऐकलं. त्यांना ते नीट जमत नव्हतं.

“काय काय म्हणाली आक्का?”

“साक्ष दिली.”

“ते न्हाय विचारत.”

“होडीचं सांगितलं,” मी म्हणालो. टेबलावर एक शब्दकोश होता, तो मी उगीच सरळ करून ठेवला.

“काय सांगितलं? जसं सांगितलं तसं सांग.”

“पाळी तुमची होती. तुमचे वडील मागे उभे होते. त्यांनी वल्हं खाली ठेवायला सांगितलं आणि तुम्ही ठेवलंत. सोळा वर्षांचे होतात. आक्का तुम्हाला दोष देत नव्हत्या नाना.”

“बापानं सांगितलं म्हणाली?”

“हो.”

नाना खुर्चीत मागे टेकले. समोरच्या कपाटातल्या पुस्तकांकडे बघत राहिले. त्यांना त्या पुस्तकांत काही रस नव्हता हे मला माहीत होतं.

“आक्का लांब होती,” ते म्हणाले. “तिला तसं दिसलं असंल. बाप काही बोलला न्हाय.”

मी शब्दकोशावरून हात काढला.

“मागं उभा होता, एवढंच. मी वळून बघितलं त्याच्याकडं. त्यानं मान खाली घातली. ना व्हय, ना न्हाय. त्याला वाटलं असणार, पोरानंच काय ते करावं. मी होडी सोडली असती तर तो आडवा आला नसता, हे मला आज कळतंय. तवाबी कळत होतं.”

“मग?”

“समदा गाव माझ्याकडं बघत होता रघ्या. जिथं मोठी माणसं बोलतात तिथं मला कोण उभं करत होतं? आन् त्या दिवशी समदे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता आपण गावाचं माणूस झालो. ठेवलं वल्हं खाली. आपणहून ठेवलं. मागं कुणीतरी म्हणालं, शाब्बास.”

वाचन कक्षातला एक मास्तर खाकरला. नानांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

“खड्डा मी खणला हे खरं हाय,” ते म्हणाले. “पण ते काय सांगण्यासारखं न्हाय.”

“तिला काय कळवू?”

“घे तिला आत. नुसत्या नकाशापुरती न्हाय, पुरती घरकरी कर.”

“दाव्याचं?”

“वाचू दे. काय करंल ती वाचून? आन् नकाशात घर घाल तिचं. चिंचेच्या ह्या अंगाला. आन् म्हणावं, पाणी चढायच्या आत ये. जागा मी दाखवतो.”

ते गेल्यावर मी कॉम्प्युटरवर बसलो आणि सुनंदा टेंबेंच्या नावापुढे घरकऱ्याची खूण केली. आतापर्यंत कितीतरी जणांना आत घेतलं होतं, पण त्या वेळी मी ते तीनदा तपासलं.

सुनंदाबाई पुढच्याच आठवड्यात आल्या. साध्या बाई, सुती साडी, केस बरेच पिकलेले. नानांनी जीप केली होती. रस्ता संपला तिथून आम्ही पायी उतरलो. मी इतक्या वर्षांत पाणी उतरलेलं पाहिलं नव्हतं. गाव म्हणजे चिखल वाळून भेगा पडलेलं एक मोठं अंगण झालं होतं, आणि त्यात घरांची जोती. माझं घर मला सापडलं नाही. नानांनी दाखवलं.

सरूआक्कांच्या घराचं जोतं ओळखू आलं. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ तसंच होतं. चिंचेचा नुसता बुंधा राहिला होता, काळा पडलेला. नाना त्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले, नदीच्या पात्राकडे तोंड करून, आणि तिथून चालत गेले. बांधाचे दगड लागले तिथे थांबले.

“इथं,” ते म्हणाले. “डोकं वरच्या अंगाला. साहेबांनी वर तीन दगड ठेवले होते. ते काही दिसत न्हाईत.”

सुनंदाबाईंनी चपला काढल्या. खाली बसून त्यांनी त्या भेगाळलेल्या मातीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग उठून मोबाइलवर फोटो काढले. बुंध्यापासून एक, बांधाकडून एक, आणि एक जवळून. काम नीट करणाऱ्या माणसासारखे काढले.

“आईला दाखवता येईल,” त्या म्हणाल्या. “नदी इथून किती लांब होती?”

“हाकेवर,” नाना म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “बाई, त्या दिवशी होडीवर...”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “बाबांनी एकदा सांगितलं होतं.”

“वल्ह्यावर मी होतो.”

“तेही माहीत आहे. इथे यायच्या आधीपासून. तुमचं नाव त्यांच्या लक्षात होतं.”

नाना काहीतरी बोलायला गेले. मी बांधाकडे बघत होतो. अशा वेळी कुठे बघायचं ते मला कधीच कळलेलं नाही.

“नाना, मी जागा विचारली होती,” सुनंदाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता आणि मऊही केला नव्हता. “ती तुम्ही दाखवलीत. मी दुसरं काही विचारलेलं नाही.”

त्यांनी चपला पायात घातल्या. जाता जाता आक्कांच्या उखळाशी थांबल्या, त्यात साचलेला गाळ बोटानं काढून पाहिला, आणि “इथे मी बसायचे,” असं मला म्हणाल्या. परतताना जीपमध्ये त्या पुढे बसल्या आणि ड्रायव्हरशी बडोद्याच्या उन्हाबद्दल बोलत राहिल्या. पुण्याच्या स्टेशनवर उतरताना त्यांनी आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला.

त्या गेल्यावर नाना तिथेच फलाटाच्या बाकावर बसले.

“शिवी तरी द्यायची होती तिनं,” ते म्हणाले.

मी त्यांना पाणी आणून दिलं.

जुलैमध्ये सुनंदाबाईंचा गावकीत निरोप आला. आई गेल्या. फोटो पाहून गेल्या. नकाशात त्यांचं घर मी घातलं होतं, त्याखाली त्यांनी ‘देवस्थळी’ एवढंच लिहिलं होतं. दाव्याची पानं त्यांनी उघडली नव्हती. कुणी काय उघडलं, ते मला दिसायचं.

त्यानंतर काही दिवसांनी नानांचा फोन आला. सकाळची वेळ होती, मी वाचनालयात जायला निघत होतो.

“रघ्या, त्या गावकीत माझ्या नावापुढं काय काय खुणा हायत?”

“तुम्ही संस्थापक. सगळ्याच आहेत.”

“त्या काढ.”

“कशाला नाना?”

“काढ म्हणतोय ना.”

मी कॉम्प्युटर उघडला आणि शोधलं. “मला काढता येत नाहीत,” मी म्हणालो. “संस्थापकाचे अधिकार संस्थापकालाच काढता येतात. आणि त्याआधी ते दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील, नाही तर सगळ्यांनाच कुलूप लागेल.”

“मग तुला देतो. कुठं दाबू सांग.”

“मला नको नाना. मला हे झेपणार नाही. मी एकेका अर्जावर दोन-दोन दिवस घालवतो, तुम्हाला ठाऊक आहे.”

“म्हणूनच. सांग कुठं दाबू.”

मी सांगत गेलो. माझ्या नावापुढे खूण करा. आता जतन करा. आता तुमच्या नावावर जा. ते मोठ्यानं वाचत वाचत दाबत होते, स्टँडवर गाड्या पुकारायचे तसे.

“आता तुम्ही घरकरी राहाल,” मी म्हणालो. “फक्त चालवायचं तुमच्याकडे नाही.”

“घरकऱ्याचीबी काढतो. सोयऱ्यांत टाक मला.”

“नाना, सोयऱ्यांना आतलं दालन दिसत नाही. नकाशाही दिसत नाही. तुमचं घर...”

“म्हायतीय मला. नियम मीच केलाय. कुठं दाबू?”

मी सांगितलं. पलीकडे दाबल्याचा आवाज आला. माझ्या पडद्यावर त्यांचं नाव एका यादीतून गेलं आणि खालच्या यादीत आलं. पोळेकर, अलीकडच्या दोन जावयांच्या मध्ये.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालं. आता नकाशा उघडून बघा.”

थोडा वेळ गेला.

“न्हाय उघडत. परवानगी नाही म्हणतंय.”

“हो.”

“बरं,” नाना म्हणाले. “जेवलास का?”